पैलवान अक्षर

आमचा मामा म्हणजे अंगाने काडीपैलवान. वारं सुटलं की मामी दारातून ओरडायची, अहो, खिशात दोन दगड टाकून जा, नाहीतर संध्याकाळी मला तुम्हाला कुणाच्या तरी गच्चीवरून उतरवून आणावं लागेल. आणि हा काडीपैलवान जन्मभर करत काय आला, तर जाडजूड अक्षरं. लाकडाची. मोठ्या पोस्टरला हातभर उंचीची अक्षरं लागतात ना, ती शिशाची केली तर उचलणार कोण, म्हणून लाकडात कोरतात. ती मामा कोरायचा. उलटी कोरायची, म्हणजे छापल्यावर सुलट उमटतात. मामाला उलटं वाचायची एवढी सवय झाली होती की साधा पेपर वाचताना अडखळायचा. मामी म्हणायची, यांना पेपर देताना सोबत आरसा द्या.

त्याचं लाडकं एक अक्षर होतं. म्हणजे सगळीच अक्षरं, पण एका घाटाची. छापखान्यात त्याला पैलवान म्हणायचे, कारण पहिल्यांदा ते कुस्त्यांच्या पोस्टरसाठी कोरलं होतं. मांडीसारखे जाड दांडे, आणि मधेच केसाएवढी बारीक रेघ. प्रत्येक दांड्याला खाली पाय, पायाला टोक, टोकाला एक ऐटबाज वळसा. पोटात पान आणि कळी. एका अंगाला सावली, अशी की अक्षर भिंतीतून बाहेर यायला निघालंय असं वाटावं. जुन्या काळची ऐट होती त्याची. सर्कस आली, लावा पैलवान. जादूगार आला, लावा पैलवान. नाटक आलं, पैलवान. लांबून, रस्त्याच्या पलीकडून लोकांना कळायचं की काहीतरी मजेचं आलंय.

दुसरं अक्षर होतं त्याला कारकून म्हणायचे. किडकिडीत, सरळ, ना पाय ना नक्षी. सरकारी सूचना, पाणी बंद राहील, रस्ता बंद राहील, असल्या कामाला. मामा त्याच्याकडे ढुंकून बघायचा नाही. म्हणायचा, त्याच्यात काय बघायचं, वेळेवर येतो आणि वेळेवर घरी जातो.

मूलबाळ नव्हतं. दोघंच. भांडायचे भरपूर, पण जेवायला एकमेकांसाठी थांबायचे.

मग मामीला विसरायला व्हायला लागलं. आधी गॅसवरचं दूध विसरली. मग किल्ली विसरली. मग घरच विसरली, दारात उभी राहून मामाला म्हणाली, हे कुणाचं घर, आपण इथे कशाला आलो. आमची आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, म्हणाली, "अरे, माझ्याकडे ठेव तिला. तू दिवसभर कामावर, तिच्याकडे बघणार कोण?"

मामा म्हणाला, "ताई, तुझ्याकडे ती पाहुण्यासारखी राहील. माझ्याशी निदान भांडते तरी."

तर तो तिला रोज छापखान्यात घेऊन जायला लागला. मालकीणबाई चांगल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. उलट खिडकीपाशी मामाच्या टेबलाला लागून एक स्टूल दिलं. मामीच्या हातात काचकागद आणि लाकडाचा ठोकळा द्यायचा, की ती घासत बसायची. घासून घासून ठोकळा पार झिजवायची. मामा हळूच दुसरा द्यायचा. मामी म्हणायची, "किती वेळ घासायचं अजून? तुमच्या मालकाला सांगा, माणसं वाढवा." छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची बारकी अक्षरं, जुळवणारा जुळारी हसायचा, म्हणायचा, "वहिनी, तुम्हीच युनियन काढा." तसं दिवस बरे जात होते. बरे म्हणजे काय, कसेबसे, पण जात होते.

एके दुपारी मामा पैलवानाच्या एका अक्षराच्या पोटातली कळी कोरत होता. ते काम असं की श्वास धरून पटाशी फिरवायची. श्वास सुटला की पाकळी उडाली. सगळा जीव त्या टोकावर. मामाने पाकळी पुरी केली, फुंकर मारून भुसा उडवला, खूश झाला आणि म्हणाला, "बघ गं."

स्टुलावर काचकागद होता. मामी नव्हती.

आधी वाटलं संडासात असेल. मग कागदाच्या खोलीत. मग गल्लीत. मग मामा धावायलाच लागला. चपला पायात नाहीत, हातात पटाशी तशीच. लोक बाजूला व्हायला लागले तेव्हा जुळाऱ्याने मागून येऊन पटाशी काढून घेतली. घरी बघितलं, आईकडे बघितलं, बस थांबतात तिथे बघितलं, दवाखान्यात बघितलं. चौकीत हवालदाराने फोटो मागितला. मामीला फोटो काढायचा भारी कंटाळा, लग्नातला एकच होता. हवालदार म्हणाला, "काका, यात तर पोरगी आहे."

"हीच ती."

"अहो पण आता कशी दिसते?"

मामा म्हणाला, "अशीच दिसते."

हवालदाराने आईकडे बघितलं. आईने बाजूला जाऊन नीट वर्णन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखाना उघडायच्या आत मामा दारात. डोळे सुजलेले, शर्ट आदल्या दिवशीचाच. मालकीणबाई म्हणाल्या, "पोस्टर काढू या. आपल्या हातात दुसरं काय आहे? सगळं काम बाजूला ठेवा." जुळारी म्हणाला, "कारकून लावतो, लगेच होईल."

मामा त्याच्या अंगावरच गेला. "कारकून कोण बघतं रे? पाणी बंद आहे म्हणून लावलं तर लोक बादली भरत नाहीत, नळ सुकल्यावर शिव्या देतात. पैलवान लाव. आंधळा थांबला पाहिजे."

"लावतो, लावतो. ओरडू नका."

आणि मामाने स्वतःच्या हाताने फळीवरून एक एक अक्षर काढलं, फडक्याने पुसलं आणि दिलं. हरवली आहे. एवढी मोठी अक्षरं की अर्धा कागद त्यांनीच खाल्ला. खाली मजकूर, वय, उंची बेताची, अंगात निळं स्वेटर, नाव विचारलं तर सांगते पण पत्ता सांगता येत नाही, दिसल्यास बसवून ठेवा, छापखान्यात कळवा. तो मजकूर मात्र बारीक झाला, कारण पैलवानाने जागाच ठेवली नाही. चौकट तयारच होती, आदल्या नाटकाची, चारी बाजूंनी चांदण्या आणि खाली पत्त्याकडे बोट दाखवणारा हात. ती सोडून दुसरी बांधायला वेळ कुणाला होता? मशीनवर लाल शाई होती, तीही कुणी धुतली नाही.

पहिला कागद निघाला तेव्हा सगळे जमले. मालकीणबाई, जुळारी, मशीनवाला. सगळ्यांनी बघितलं ते आपल्या धंद्याच्या डोळ्याने. शाई सगळीकडे सारखी बसली का? पायाचं टोक तुटलं का? कळी भरून गेली का? मशीनवाला म्हणाला, "काय उठलंय! असं कधी उठलं नव्हतं." आणि खरंच, त्या दिवशी पैलवान असा उठला होता की बोटाने चाचपावा. मामाच्या डोळ्यात पाणी आलं. त्याला वाटलं, आता सापडतेच. हे बघून कोण पुढे जाईल?

दुपारपर्यंत खळीची बादली आणि ब्रश घेऊन मामा, जुळारी, आई, सगळ्यांनी शहरभर भिंती रंगवल्यासारखी पोस्टरं लावली. पुलाच्या कठड्याला, बाजाराच्या फाटकाला, शाळेच्या भिंतीला, दवाखान्याच्या दाराला. मामा प्रत्येक कागद हाताने दाबून बसवायचा, एक सुरकुती राहू द्यायचा नाही. आणि लगेच वळून पुढच्या भिंतीकडे. मागे उभं राहून बघायला कुणाला सवड?

मग छापखान्यात येऊन बसला. दार उघडं. कुणी येतंय का. संध्याकाळ झाली, कुणी आलं नाही. त्याने पाणी घेतलं नाही. आईने डबा आणला तो तसाच परत नेला.

सकाळी मात्र लोक यायला लागले. मामा मागे कागदाच्या गठ्ठ्यावर बसला होता, पुढे मालकीणबाई. एक गुबगुबीत गृहस्थ आणि त्याची बायको आली. मामा ताडकन उठला.

गृहस्थ म्हणाला, "ते पोस्टर लागलंय ना बाहेर, हरवली आहे..."

"हो, हो," मालकीणबाई म्हणाल्या. "कुठे बघितलंत?"

"बाजारात बघितलं. मस्त आहे. दोन द्या. पुढच्या रांगेतली असली तर बघा."

मालकीणबाईंना कळेना. "काय दोन द्या?"

"तिकिटं हो. खाली तुमचाच पत्ता आहे की, हात दाखवलाय. बरं, खेळ हसरा आहे का रडका? हिला रडका चालत नाही. मागच्या वेळेला माझा सगळा रुमाल भिजवला हिने."

बायको म्हणाली, "उगाच काहीतरी. तुम्हीच रडत होतात."

मामा पुढे आला. गृहस्थाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रडका आहे."

"मग नको बाबा," म्हणून ते दोघं निघून गेले. हसत हसत गेले. त्यांची तरी काय चूक.

त्यांच्यामागून दोन कॉलेजच्या पोरी आल्या, मग एक रिक्षावाला आला, विचारायला, त्यात काम कोण करतंय. मालकीणबाई डोकं धरून बसल्या. जुळारी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मामा बाहेर पडला. समोरच्या भिंतीवरच एक पोस्टर होतं. तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला, परका माणूस बघतो तसा उभा राहिला आणि आपलं अक्षर त्याने पहिल्यांदा सुलट बघितलं. लाल. चांदण्या. पायांचे वळसे, पोटातल्या कळ्या. सगळं अक्षर हसत होतं. या, या, तिकिटं संपतील, असं म्हणत होतं. आणि बायको हरवल्याचं जे लिहिलं होतं ते खाली मुंगीच्या रांगेसारखं. नाक लावल्याशिवाय वाचता येणार नाही. मामा नंतर आईला म्हणाला होता, ताई, मी माझ्या हाताने भिंतीभिंतीवर तिची जत्रा मांडली.

तो फाडायला लागला. खळ वाळून घट्ट झाली होती, नखं घालून फाडायला लागला. निम्मी अक्षरं भिंतीला, निम्मी हातात. जुळारी आत पळाला, कारकून जुळवायला घेतला, काळी शाई, हरवल्या आहेत, वर्णन ठळक, चांदणी नाही काही नाही. आई मामाच्या मागे धावत होती. "अरे, बोटं सोलली तुझी. थांब, पाणी मारून काढू."

"किती वेळ गेला ताई! किती माणसांनी तिला बघितलं असेल आणि खेळातली बाई आहे म्हणून सोडून दिलं असेल."

असं फाडत फाडत पुलाच्या कोपऱ्यावर आले. तिथे एक किल्लीवाला बसायचा, पत्र्याच्या पेटीवर, पुढे किल्ल्यांचा झुबका टांगून. तो ओरडला, "ओ काका! का फाडता? किती सुंदर आहे. येणारा जाणारा थांबतो. काल एक म्हातारी तर जागची हलेना."

मामाचा हात भिंतीवरच राहिला.

"कोण म्हातारी?"

"होती एक. मोठ्याने वाचत होती, लहान मुलासारखी, बोट फिरवत. हरवली आहे, हरवली आहे. मग मला म्हणाली, खेळ कुठे आहे? मी म्हटलं, आजी, खेळ असले तर नाट्यगृहात, पुलाच्या पलीकडे. म्हणाली, चांगला असणार, अक्षर आमच्या ह्यांचं आहे. आणि गेली."

आईने विचारलं, "अंगात निळं स्वेटर होतं?"

"होतं की. तुमची आहे का कोण?" मग त्याने भिंतीला चिकटलेल्या खालच्या तुकड्यावर वाकून बघितलं. वाचलं. किल्लीवाल्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "आई शप्पथ. काका, मला काय माहीत. मला कळलं असतं तर पेटीवर बसवून ठेवलं असतं हो. इथेच होती. या इथे."

मामा पळाला. पुलावरून, गाड्यांच्या मधून. मामीचं ते जुनंच होतं. नवीन लग्न झालं तेव्हा छापखान्यातर्फे प्रत्येक खेळाचे दोन पास मिळायचे. मामी पोस्टरवरचं पैलवान वाचायची आणि मामा कामावरून यायच्या आत तयार होऊन नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची, जागा धरायला. बाकी सगळं पुसून गेलं होतं डोक्यातून, तेवढं राहिलं होतं.

नाट्यगृह दुरुस्तीला काढलं होतं. कित्येक महिने बंद. पुढे पत्रे ठोकलेले, त्यामुळे रस्त्यावरून पायऱ्या दिसायच्या नाहीत. मामा दोन पत्र्यांच्या फटीतून आत शिरला. काडीपैलवान होता म्हणून शिरला, आई बाहेरच अडकली.

तिकिटाच्या खिडकीखाली मामी बसली होती. रांगेत बसल्यासारखी, पाय जवळ घेऊन, पिशवी मांडीवर. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. आदल्या दुपारपासून तिथेच, थंडीत. त्याच्या आधीची रात्र कुठे काढली होती ते कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही. अंग भट्टीसारखं तापलेलं, ओठ फुटलेले, श्वास घेताना छातीत आवाज येत होता.

मामा तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. मामीनेच बघितलं त्याच्याकडे आणि म्हणाली, "रांग इथून आहे. मागे जा."

मामा उठला आणि तिच्या मागे जाऊन बसला. बाहेरून आई हाका मारतेय, लोक पत्रे उचकटायला लागलेत, आणि हा मागून तिला दोन्ही हातांनी धरून बसलाय.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, छाती भरली आहे, वय आहे, उशीर झाला. एक दिवस आधी आणली असती तर, असंही म्हणाले. डॉक्टर सहज बोलले, पण मामाने ते उचललं आणि जन्मभर खाली ठेवलं नाही. एक दिवस आधी ती किल्लीवाल्याच्या समोर उभी होती. लोकांनी मामाला किती समजावलं. जुळारी म्हणायचा, अहो, पैलवान नसता तर वहिनी थांबल्याच नसत्या, आणि त्या नाट्यगृहाकडे गेल्या नसत्या तर आपल्याला सापडल्याही नसत्या. मामा ऐकून घ्यायचा. मग म्हणायचा, कारकून असता तर किल्लीवाल्याने वाचलं असतं. त्याच्यापुढे कुणाचं काय चालणार? दोन्ही खरंच होतं.

मामी तिथून घरी आली नाही. मामा त्यानंतर बरीच वर्षं एकटा राहिला, काम करत राहिला, लोकांना पैलवान हवा असायचा आणि तो कोरून द्यायचा, पण छापलेलं बघायला कधी पुढे गेला नाही. आता तोही गेला. गेल्या महिन्यात, झोपेत. आई म्हणाली, सुटला. आणि तोंडावर पदर घेऊन रडत बसली.

दवाखान्यातलं शेवटचं बोलणं आईने पायथ्याशी उभं राहून ऐकलेलं. दुपार होती. मामीने डोळे उघडले, मामाला बघितलं. ओळखलं नाही. म्हणाली, "तुम्ही तिकीटवाले का?"

मामा म्हणाला, "हो."

"मला जरा डोळा लागला. मधलं सगळं गेलं. ती सापडली का हो शेवटी?"

मामाने आईकडे बघितलं. आईने खुणेने सांगितलं, बोल, बोल.

"सापडली," मामा म्हणाला.

"कुणाला?"

"तिच्या नवऱ्याला."

"बरं झालं. बिचारा शोधत असेल." मग ती उठायला लागली, पांघरूण बाजूला सारायला लागली, हातात बळ नव्हतं तरी. "चला. संपला वाटतं खेळ. लोक उठले."

मामाने पांघरूण परत नीट केलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बस जरा. दारात गर्दी आहे. कमी होऊ दे, मग जाऊ."